न्यूट्रलमध्ये

चालते तेव्हा तक्रार नाही.
केप्याचा चढ, तिळामळचं वळण,
चौथ्यात टाकली की कुरकुर न करता जाते.
थांबली की थरथरते.
आरसा हलतो, आरशातला रस्ता हलतो,
डॅशबोर्डवरची शांतादुर्गा
चुंबकासकट डावीकडे सरकत जाते.

मी गणिताची. वहीत सगळं मांडलेलं:
सकाळी थंड असताना बरी,
तापली की वाईट,
दिवे लावले की आणखी वाईट.
फोंड्याच्या गॅरेजनं प्लग बदलले.
मडगावच्यानं पेट्रोलला नावं ठेवली.
भाचा म्हणाला, मावशी, विकून टाक.

कुडचड्याच्या मिंगेलनं वही उघडलीच नाही.
त्याला ऐकू कमी येतं. बावीस वर्षं खनिजाचे टिपर,
त्या गडगडाटात कान कधी गेले
त्यालाही कळलं नाही.
खाणी थांबल्या तेव्हा म्हणे सगळा गाव दचकून जागा झाला,
हा घोरत होता.

बॉनेट उचललं, काठी लावली,
हातभर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.
डोळे मिटून उभा.
कवटीनं ऐकत होता.
मी विचारलं, खर्च किती येईल?
त्याचा पोरगा रुझार म्हणाला, टीचर, उगाच का?
आता त्याला फक्त लोखंड ऐकू येतं.

मग एकेक वायर उपटणं.
पहिली काढली: गाडीनं मान टाकली,
मरता मरता सावरली.
लावली. दुसरी काढली: तेच.
तिसरी काढली.
काही नाही.
थरथरत होती तशीच थरथरत राहिली.
"हो न्हिदला," मिंगेल म्हणाला.

इतकी वर्षं वजाबाकी शिकवतेय,
हे कधी फळ्यावर मांडलं नव्हतं:
ज्याला वजा करून उत्तर बदलत नाही
दोष तिथे.

सरबताच्या बाटलीत पाणी, झाकणाला भोक.
तिसऱ्याच्या कुशीत, मॅनिफोल्डपाशी
त्यानं बारीक धार सोडली,
आणि इंजिननं घोट घेतल्यासारखा
एक क्षण गोल, एकसारखा सूर धरला.
पुन्हा विस्कटलं.
"थंयच."

करंगळीएवढी रबरी नळी.
आतल्या वाकणावर चीर,
नखानं उलगडल्यावर दिसली.
तिथून न मोजलेली हवा आत जात होती.
पळताना तिचा हिशेब कुणी विचारत नाही,
उभं राहिलं की द्यावा लागतो.
सत्तर रुपये. नळीचे वीस,
उरलेले दातांचे, रुझार म्हणाला.

चांदरला फाटक पडलेलं.
कोळशाची मालगाडी, सावकाश.
हँडब्रेक ओढला. न्यूट्रल.
गाडी इतकी गप्प
की बंद पडली वाटून किल्लीकडे हात नेला.
चालू होती. शांतादुर्गा जागच्या जागी.
आरशात टिपर, टिपरवर ताडपत्री, दोरीची गाठसुद्धा स्पष्ट.

तरी स्टिअरिंग थरथरत होतं.
बारीक. दुसऱ्याला कळणारही नाही इतकं.
आणखी एखादी चीर?
सतरा डबे मोजून झाले होते.
उजवा हात उचलला. थरथर तशीच.
परत ठेवला.
डावा उचलला.

स्टिअरिंग थांबलं.

हात मांडीवर ठेवून बघत राहिले.
अंगठा आणि शेजारचं बोट
काहीतरी न दिसणारं मळत होती.
पुस्तक धरलं की नाही.
पदर सावरताना नाही.
फक्त असं नुसतं ठेवल्यावर.
कधीपासून?
वहीत ही नोंद नव्हती.
कोळशाचे डबे मोजायचे राहून गेले.

फाटक उघडलं. टिपरनं हॉर्न दिला.
त्याच हातानं गिअरची मूठ धरली.
धरल्याबरोबर शांत झाला.
पहिला टाकला.